गुरुवार निवडून आला

करंदीकर साहेबांच्या टेबलावर फ्रिजचा पांढरा ट्रे होता आणि त्या ट्रेवर पिवळं बोट उमटलेलं होतं. साहेब ट्रेकडे बघत होते. क्वालिटीचा माणूस साहेबांकडे बघत होता. मी दारात उभा होतो.

"इनामदार, हे काय आहे?"

"बोट आहे, साहेब."

"ते मलाही दिसतंय हो. पिवळं का आहे?"

आता मला काय माहीत? मी पर्सोनेल ऑफिसर. माणसांची भरती, रजा, शिफ्टची भांडणं, हे माझं खातं. ट्रे पांढरा निघाला की पिवळा, याच्याशी माझा काडीचा संबंध नाही. पण साहेब गोंधळले की ज्याचा संबंध नाही त्यालाच आधी बोलवायचे.

आमच्या प्लांटमध्ये प्लॅस्टिक मोल्डिंग चालायचं. प्लॅस्टिकचे दाणे मशीनमध्ये तापवून पातळ करायचे, लोखंडी साच्यात दाबून भरायचे, गार झालं की ट्रे तयार. रंग बदलायचा असला की मशीनच्या पोटातलं जुनं प्लॅस्टिक सगळं बाहेर काढून टाकतात. त्याला पर्जिंग म्हणतात. साहेबांना वाटलं, दाण्यांत कुठूनतरी पिवळा रंग मिसळला. त्यांनी सकाळपासून पर्जिंग लावलं होतं. मशीनमधून पांढऱ्या प्लॅस्टिकचे लोळेच्या लोळे बाहेर पडत होते आणि पिवळी बोटं काही थांबत नव्हती.

मी ट्रे उचलला, डागावर अंगठा घासला आणि नाकाला लावला.

"साहेब, हा भंडारा आहे."

"भंडारा? खंडोबाचा?"

"तोच."

"आज काही सण आहे?"

"नाही."

"मग कंपनीत भंडारा कशाला?"

"तेच मलाही कळत नाही," मी म्हटलं. पण अंदाज आला होता. आमच्या शिरूर-दौंडकडे सण नसताना हातावर भंडारा दिसला, तर त्याचा एकच अर्थ होतो. कुठंतरी निवडणूक लागलेली असते. आणि निवडणूक तर आमच्याच कंपनीत लागली होती.

ती कशी लागली, ते सांगतो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. रांजणगावच्या एमआयडीसीत आमचा प्लांट. माल जायचा शेजारच्याच एका मोठ्या फ्रिजच्या कंपनीला. तेव्हा आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. सगळ्या कारखान्यांनी एकदम रविवारी बंद ठेवण्यापेक्षा प्रत्येक भागाला वेगळा वार दिला म्हणजे विजेचा ताण वाटला जातो, असा त्यामागचा हिशोब. माझं घर दौंडला आणि आठवडाभर राहायचो शिरूरला खोली घेऊन. गुरुवारी मी घरी जायचो, तेव्हा मुलं शाळेत. ती घरी असायची तेव्हा मी कंपनीत. बायको म्हणायची, तुमचा फोटो तेवढा मोठा करून लावा भिंतीवर.

मग एक दिवस त्या फ्रिजवाल्यांनी कळवलं की ते आता रविवारी सुट्टी घेणार आणि गुरुवारी लाइन चालवणार. आमच्याकडे माल साठवायला जागा नाही, त्यांच्याकडेही नाही. रोज बनवायचं आणि रोज पाठवायचं. गुरुवारी आम्ही बंद राहिलो, तर त्यांची लाइन ट्रेसाठी अडणार. महिनाअखेरपर्यंत तुमचं काय ते कळवा, नाहीतर आम्हाला दुसरा व्हेंडर बघावा लागेल, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. विजेची अटही एव्हाना सैल झाली होती. म्हणजे निर्णय असा काही शिल्लकच नव्हता. नोटीस लावायची, फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवायचं, संपलं.

पण करंदीकर साहेब नुकतेच एका मोठ्या हॉटेलात भरलेल्या मॅनेजरांच्या ट्रेनिंगला जाऊन आले होते. माणूस खरंच चांगला. मुंबईचे, हुशार, कधी कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना तहान लागायची. समोर दोन फायली ठेवल्या की ते आधी पाण्याचा ग्लास उचलायचे. ट्रेनिंगमध्ये त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की लोकांना सामील करून घेतलेला निर्णय लोक मनापासून पाळतात.

"आपण कामगारांनाच विचारू," ते मला म्हणाले.

"साहेब, पण उत्तर तर ठरलेलं आहे."

"म्हणूनच! रविवार कोणाला नको असतो? ते रविवारच म्हणणार. मग तो त्यांचा निर्णय होईल, आपला नाही."

मला हे नीट समजलं नाही. पण ते प्लांट मॅनेजर आणि मी पर्सोनेल. शिवाय रविवार कोणाला नको असतो, हे मलाही पटलं होतं.

कॅन्टीनमध्ये मीटिंग झाली. साहेबांनी सगळं मोकळेपणानं मांडलं. फक्त फ्रिजवाल्यांनी काय कळवलंय तेवढं सांगितलं नाही. का, तर लोकांवर दबाव नको. वर असंही बोलून गेले, "तुमचं मत हाच कंपनीचा अंतिम निर्णय." मी चहाचा घोट घेत होतो, तो ठसक्यानं बाहेर आला.

पहिला उठला संपत. मांडवगण फराट्याचा, मशीन ऑपरेटर. "रविवार झाला तर लई ब्येस, साहेब. पोरांबरं एक दिस घावंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी माझ्याकडे विजयानं बघितलं.

मग दत्ता उठला. दत्ता पण मांडवगणचाच, संपतच्याच आडनावाचा, त्याच्याच भावकीतला. भावकी म्हणजे एकाच मूळ घराची वाढलेली घरं. लग्नाला एकत्र, बांधावर वैरी. नुकतीच त्यांच्या गावात सोसायटीची निवडणूक झाली होती. संपतच्या भावाचं पॅनेल आलं होतं आणि दत्ताच्या चुलत्याचं पडलं होतं. गुलाल अजून कुणाच्या डोक्यातून उतरला नव्हता.

"गुरुवारच बरा हाय," दत्ता म्हणाला. "गुरुवारी बँक उघडी, तलाठी भेटतो, तहसीलची कामं व्हतात. रविवारी समदं बंद. रविवारी काय, निस्तं घरी बसून तोंडं बघायची व्हय एकमेकांची?"

मुद्दा अगदीच वाईट नव्हता. पण दत्ता तो मुद्द्यासाठी मांडत नव्हता. संपत रविवार म्हणाला म्हणून दत्ता गुरुवार म्हणाला. संपत गुरुवार म्हणाला असता, तर दत्ताने रविवारसाठी जीव काढला असता. हे मला दिसत होतं, मांडवगणच्या सगळ्यांना दिसत होतं. साहेबांना दिसत नव्हतं.

"वा! चर्चा होतेय," साहेब माझ्या कानात म्हणाले आणि उठून त्यांनी गुप्त मतदान जाहीर करून टाकलं.

त्याच संध्याकाळी अलका माझ्याकडे आली. पॅकिंगला होती. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. ती कारेगावात खोली करून राहायची. शिफ्टमुळे पोराकडे बघायला कोणी नाही, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तिने दौंडला बोर्डिंगच्या शाळेत ठेवलं होतं. तिथं पालकांना भेटायला सोडायचे फक्त रविवारी. रविवारी ही कामावर. रजा टाकून जायची तेव्हा भेट. आणि रजा अशा किती टाकणार?

"साहेब, खरंच रविवार व्हणार का?"

"व्हायला पाहिजे."

"मागल्या येळी गेले तवा पोरगं लाजलं मला," ती म्हणाली. "दाराआडून बघत व्हतं. पाव्हणी आल्यावानी. काय पायजे का म्हणलं, तर म्हणतंय, नको. आईला कुणी नको म्हणतं का, साहेब?"

मी म्हटलं, "अलकाताई, तुम्ही फक्त मत रविवारला द्या. बाकी सगळं होतंय." ती डोळे पुसून गेली. मला वाटलं, चला, हिचं तरी काम झालं.

नंतर जे सुरू झालं ते बघून माझं डोकं चालेनासं झालं. दोन दिवसांत दोन पॅनेलं उभी राहिली. मशीन शॉपमध्ये संपतचं, असेम्ब्लीत दत्ताचं. कवठे येमाईची पोरं कुणाकडे वळतात, यावर जेवणाच्या सुट्टीत खलबतं. न्हावऱ्याच्या बाजूला कुणाच्या तरी मळ्यात मटणाची जेवणं उठली. कॅन्टीनवाला तक्रार घेऊन आला, की लोक जेवायला येत नाहीत, माझ्या भाज्या वाया चालल्यात. साहेबांना वाटलं, जेवणाचा दर्जा घसरला. त्यांनी कॅन्टीन कमिटीची मीटिंग लावली.

मग दत्ता अर्ज घेऊन केबिनमध्ये आला.

"साहेब, चिन्ह पायजे."

"कसलं चिन्ह?"

"गुरुवारला."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. "अहो, गुरुवारला चिन्ह कशाला? सगळे आयटीआय झालेत. गुरुवार वाचता येतो ना?"

"वाचता येतो. पण चिन्हाबिगर निवडणुकीत मजा न्हाई. आमी छत्री मागतोय. त्यांनी मागायच्या आधी."

"इनामदार, हा काय म्हणतोय?"

"छत्री म्हणतोय, साहेब."

शेवटी चिन्ह नाही, असं ठरलं. हा त्या महिन्यात तोवर साहेबांनी घेतलेला एकमेव निर्णय. मतपेटी मात्र माझ्याकडे आली. त्यावर दोन्ही पॅनेलांचं एकमत झालं. संपत म्हणाला, "इनामदार साहेब ना आमच्या भावकीत, ना त्यांच्या." दत्ता म्हणाला, "मुसलमान माणूस, भंडाऱ्यात बी न्हाई." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. कोणत्या भंडाऱ्यात, हे विचारलं नाही.

आणि आता तो भंडारा साहेबांच्या टेबलावर, ट्रेवर होता.

मी पॅकिंगला गेलो. चार-पाच बायकांची बोटं पिवळी होती. अलकाने हात पदराखाली घेतले. मी तिला बाजूला बोलावलं.

"अलकाताई, बेलभंडारा उचलला?"

तिने मान हलवली.

बेलभंडारा उचलणं म्हणजे खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन शब्द देणं. आमच्याकडच्या निवडणुकांत मतं फुटू नयेत म्हणून हे करतात. कागदावरची सही माणूस नाकारील, उचललेला भंडारा नाकारत नाही. नाकारला तर घरात काहीतरी अमंगळ घडतं, अशी भीती हाडात बसलेली असते.

"सकाळी गेटाभायेर दत्ता भावजी आलं," ती म्हणाली. "सासरच्या भावकीतलं हायती. पिशवीत भंडारा व्हता. समद्या उचलत व्हत्या. मी एकली कशी मागं सरू?"

"म्हणजे मत कुणाला देणार?"

"गुरुवारला."

"अहो पण पोरगं?"

ती एकदम उसळली. "मला इचारता व्हय साहेब? मला ठावं न्हाई का माझं पोरगं? त्या पोराचीच आण पडती ना ह्यात! भंडारा मोडला आन् त्याला काय झालं तर?"

मला खरं सांगायचं तर राग आला. तिचा नाही, दत्ताचाही नाही. ज्याने हा प्रश्न विचारला त्याचा आला. तडक केबिनमध्ये गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. मशीन ठीक आहे, दाणे ठीक आहेत, पर्जिंग थांबवा आणि ही निवडणूकही थांबवा.

"पण आता प्रोसेस सुरू झाली आहे, इनामदार," साहेब म्हणाले. "मधेच थांबवली तर विश्वास जाईल. आणि शपथ घेतली म्हणून काय झालं? मतदान गुप्त आहे."

"खंडोबापासून कसं गुप्त ठेवणार, साहेब?"

ते पाणी प्यायले. मतदान झालं.

बिस्किटाच्या मोठ्या डब्याला लाखेचं सील करून मी मतपेटी केली होती. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मोजणी केली. गुरुवार निवडून आला. चांगल्या फरकाने आला.

मी निकाल वाचला आणि वाट बघितली. टाळी नाही, शिट्टी नाही. संपतचे लोक खाली मान घालून बसले होते, हे ठीक. पण दत्ताचे लोकही खाली मान घालून बसले होते. मागून कुणीतरी गुलालाची पुडी काढली, ती तशीच परत खिशात गेली. अलका उठून पाणी प्यायला गेली आणि परत आलीच नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. हे जिंकलं कोण, असं त्यांना विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवाल्यांचा फोन आला. "काय ठरलं?" साहेब म्हणाले, "दुपारी सांगतो." फोन ठेवला आणि घाम पुसला. तेवढ्यात दत्ता आत आला. टोपी हातात.

"साहेब, जिंकलो खरं."

"अभिनंदन," साहेब म्हणाले.

"कसलं अभिनंदन? बायकुनं राती जेवाय वाढलं न्हाई. पोरगी म्हणती, आबा, तुमी गुरुवार आणला व्हय? आता करायचं काय?"

"म्हणजे तुला स्वतःला गुरुवार नको होता?"

"मला कशाला पायजे? पण संपत रविवार म्हणला ना."

"मग आता रविवार करूया म्हण की."

दत्ताने कानाला हात लावला. "आमी न्हाई म्हणणार. भंडारा हाय." दाराशी थांबून तो म्हणाला, "तुमी भंडारा उचलला न्हाई साहेब. तुमी कायबी म्हणू शकता." आणि गेला.

साहेब खुर्चीत मागे टेकले. चेहऱ्यावर नुसता गोंधळ. "इनामदार, मला काहीच कळत नाही. ज्यांना रविवार हवा त्यांनी गुरुवारला मत दिलं. जे जिंकले ते रडतायत. आता काय करू? पुन्हा मतदान घेऊ? की एक कमिटी नेमूया?"

मग माझा तोल सुटला. पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीत मी वरिष्ठांशी असा आवाज कधी चढवला नव्हता.

"साहेब, हा प्रश्न फ्रिजवाल्यांनी तुम्हाला विचारला होता. तुम्ही तो उचलून त्यांच्या अंगावर टाकलात. ऑर्डर गेली तर हे सगळे घरी बसतील, आणि तुम्ही म्हणणार, बाबांनो, तुम्हीच तर मत दिलं होतंत. पगार तुम्हाला कशाचा मिळतो हो?"

मला वाटलं, गेली माझी नोकरी. साहेबांचा हात ग्लासाकडे गेला. ग्लास रिकामा होता. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि म्हणाले, "पण मी अंतिम निर्णय म्हणालो होतो. लोक मला खोटारडा म्हणतील."

"म्हणतील."

"मग?"

"मग म्हणू द्या."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने नोटीस लिहिली. टाइपही करू दिली नाही. पुढच्या महिन्यापासून साप्ताहिक सुट्टी रविवारी राहील. फ्रिजवाल्यांनी काय कळवलंय, तेही त्यात आता स्पष्ट लिहिलं. मतदानाचा निकाल वेगळा असला तरी हा निर्णय माझा आहे आणि जबाबदारीही माझी. खाली सही.

नोटीस बोर्डावर लागली आणि गेटवर सभा भरली. दत्ता बोलला, संपतही बोलला. दोघं एकाच दगडावर उभे राहून. हुकूमशाही, फसवणूक, कामगारांच्या मताला किंमत नाही, सगळं झालं. मुर्दाबादही झालं. साहेब केबिनच्या पडद्याआडून बघत होते. मी शेजारी उभा.

"फार चिडलेत का हो?"

"चहाच्या सुट्टीपुरते," मी म्हटलं.

चहाची सुट्टी संपली आणि सगळे हसतखिदळत मशीनवर गेले. त्यांनी भंडाऱ्याला दिलेला शब्द पाळला होता आणि रविवारही आला होता. शिव्या खायला साहेब होतेच.

पण फुकट काही सुटलं नाही. पुढे साहेबांनी कॅन्टीनच्या भाजीबद्दल विचारलं, तरी लोक म्हणायचे, "तुमीच ठरवा की साहेब, शेवटी ठरवणार तुमीच." वर गालात हसायचे. ते हसू साहेबांना शेवटपर्यंत टोचत राहिलं. त्यांनी मग एक सवय लावून घेतली. काही विचारण्याआधी स्वतःशी ठरवायचं, की उलटं उत्तर आलं तर मी ते मानणार आहे का? मानणार असलो तर विचारायचं. नाहीतर सरळ सांगून टाकायचं आणि शिव्या खायच्या. एवढं शिकायला कुठल्या हॉटेलातलं ट्रेनिंग लागत नाही.

एका रविवारी मी दौंडला मुलांना घेऊन बाजारात गेलो होतो. एसटी स्टँडजवळच्या रसाच्या गुऱ्हाळापुढे अलका दिसली. तिचं पोरगं तिच्याशी कचाकचा भांडत होतं. त्याला दुसरा ग्लास हवा होता, ती नको म्हणत होती. त्याने तिचा पदर धरून ओढला, पाय आपटले, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. अलकाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मला बघून ती हसली. इतकी खूश मी तिला कधीच बघितली नव्हती.

"लई वांड झालंय, साहेब," ती म्हणाली. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाली, "पर मत मी गुरुवारलाच दिलं व्हतं बरं का. शब्द मोडला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी हातातली फाइल बाजूला ठेवली.

"इनामदार, म्हणजे त्या बाईला नक्की हवं काय होतं?"

मी ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, "साहेब, पाणी प्या."